गावभर मामंजी

दोन वर्षांच्या नागड्या पोरासमोर डोक्यावरून पदर घेऊन बाजूला सरणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. वसमतला आमच्या गल्लीत, शेजारच्या घराच्या ओसरीवर. पोरगं धनगराचं होतं. कमरेला काळा करगोटा, नाकाला शेंबूड, हातात अर्धी भाकर. बाई म्हणजे आमच्या सलोत्री साहेबांच्या पत्नी, राहेलबाई. पोराची आई अंगणात मेंढी धरून उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "बाई, त्याला जरा बघा, पायरीवून पडंल." बाईंनी पदर सावरला, नजर खाली केली आणि त्या पोराला म्हणाल्या, "मामंजी, खाली बसा."

मी साहेबांबरोबर चहा पीत होतो. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब बशीत पाहत होते.

या साहेबांबद्दल चार गोष्टी लिहून ठेवायच्या आहेत. मी अडत दुकानावर मुनीम, हळद आणि कापसाच्या वजनात जन्म गेला. त्यामुळे पाहिलेलं पाहिलेलं म्हणून सांगेन आणि ऐकलेलं ऐकलेलं म्हणून. नाहीतर या माणसाबद्दल आमच्या भागात इतकं बोललं गेलं आहे, की त्यातलं निम्मं वजा केल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

नाव एलोजी रूबेन झिराडकर. जनावरांचे सरकारी डॉक्टर. त्या वेळी आमच्याकडे निजामाचं राज्य होतं आणि जनावरांच्या डॉक्टरला सलोत्री म्हणत. माणूस मूळचा कोकणातला, अलिबागच्या बाजूचा. खाकी अर्धी विजार, पायांत जाड बूट, डोक्यावर टोपी, आणि अंगाला फिनेलचा असा वास, की साहेब गल्लीच्या तोंडाशी आले की आमच्या घरी कळायचं. ते आले तेव्हा मी तिशीत होतो, ते माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे असतील. घरात बाई आणि तीन मुली. चौथी इथेच झाली.

ते आले तशी गावाला पहिली अडचण पडली ती जातीची. दवाखान्यासमोर लिंबाखाली चौघं बसले होते, मीही होतो. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "सायेब, तुमी मुसलमान का?"

"नाही."

"मंग किरिस्ताव असाल."

"नाही. आम्ही बेने इस्राएल."

"हे कुठं आलं?"

"कोकणात. आमच्याकडे आम्हाला शनवार तेली म्हणतात. तेलाचे घाणे आमचे, आणि शनिवारी बंद."

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. "मराठी बोलता, तेली हाय म्हनता, शनवार पाळता. देव कोन्ता?"

"एकच. मूर्ती नाही."

"बराबर," म्हातारा म्हणाला, आणि बाकीच्यांना त्याने निकाल सांगितला, "सायेब सलोत्री जातीचे हायेत." तो निकाल पुढे कायम राहिला. लग्नाच्या पंगतीत त्यांच्यासाठी वेगळं पान मांडायचं की पंगतीत, असा प्रश्न आला की कुणीतरी म्हणे, सलोत्र्याला पंगतीत चालतं. साहेब गोडधोड आणि भाजीभाकरी खात. मटणाला हात लावत नसत, कारण त्यांच्या रीतीने कापणारं इथे कुणी नव्हतं. त्यामुळे माळकऱ्यांना ते आपले वाटत. कोकणातून सुक्या बोंबलांचं पार्सल आलं की मात्र माळकरी आठवडाभर गल्ली सोडून पलीकडून जात.

शनिवार ते कडक पाळत. त्या दिवशी घरात चूल पेटत नसे. साहेब त्यांच्या तट्टावरही बसत नसत. जनावरालाही त्या दिवशी सुट्टी, असं त्यांच्या धर्मात लिहिलेलं आहे म्हणे. पण शनिवारी कुणाची म्हैस अडली तर काय करायचं, हे बहुधा लिहिलेलं नसावं. साहेब पेटी काखेत मारून चालत जात. तट्टू घरी चारा खात उभं. एकदा असेच ते भर उन्हात शिरड शहापूरच्या वाटेला पायी लागलेले पाहून मी म्हटलं, "साहेब, चालण्यापेक्षा तट्टावर बसणं कमी कष्टाचं नाही का? तुमच्या देवाला कष्टच नको आहेत ना?"

"मुनीमजी, सुट्टी माझी मी मोडली तर देवाशी माझं मी बघतो. तट्टाची सुट्टी मोडायला मी कोण?"

गाय व्याली की वासराला पुसून ते गाईच्या तोंडाशी नेऊन धरत आणि तिला म्हणत, "बघ बाई. बघ." गाय चाटायला लागली की मगच हात धुवायला उठत. हे मी निदान सात-आठ वेळा पाहिलं आहे. गोठ्यातल्या लोकांना ती साहेबांची लकब वाटायची. मलाही तसंच वाटायचं.

आता नावाचं. त्यांच्यात मुलाचं नाव आजोबांवरून ठेवतात, थोरल्या मुलाचं बापाच्या बापावरून. साहेब एकुलते एक. वडील झिराडला घाणा चालवत. साहेबांच्या लग्नाच्या सालीच ते वारले. तेव्हा पहिल्या मुलाचं नाव ठरलेलंच होतं. फक्त मुलगा यायचा बाकी होता. मुलींच्या मुलांनी चालणार नव्हतं, कारण ती मुलं आपापल्या बापाकडच्या आजोबांची नावं घेणार. म्हणजे हे नाव पुढे नेण्याला एकच दार होतं, आणि त्या दारातून चार वेळा मुलगीच आली होती. साहेबांचा मुलींवर जीव होता. थोरल्या एस्तरला त्यांनी स्वतः लिहायला-वाचायला शिकवलं. पण वर्षातून एकदा, वडील वारले त्या दिवशी, ते दिवा लावून संध्याकाळभर त्याच्यासमोर बसत, आणि दुसऱ्या दिवशी मला काहीतरी निमित्त काढून सांगत, "नाव घरात हाक मारायला पाहिजे हो. कागदावर राहून काय उपयोग?"

त्या नावाबाबत दोघा नवराबायकोंचे नियम वेगळे होते. बाई सासऱ्याचं नाव घेत नसत. आमच्या बायका तरी कुठे घेतात? आणि साहेब ते नाव घेत, पण पाठ सरळ करून. त्यांच्यासमोर त्या नावाला कुणी अरे-तुरे करायचं नाही.

हे नाव गावात गेलं कसं, ते मी पाहिलेलं नाही. आमच्या घरच्यांनी पाहिलं, आणि त्या तिखटमीठ लावत नाहीत असा माझा अनुभव आहे.

कावेरी नावाची धनगरीण होती. वस्ती गावाबाहेर, पण मेंढ्यांच्या खुरांत काही झालं की दवाखान्यात यायची आणि पाळी येईपर्यंत राहेलबाईंच्या ओसरीवर बसायची. तिला दोन मुली. नवऱ्याने, संभाने, आदल्या साली दुसरी केली होती. तेव्हापासून तो कावेरीशी बोलायचा ते फक्त मेंढ्यांच्या कामापुरतं. कावेरी तेव्हा तिसऱ्यांदा पोटुशी होती. त्या दिवशी ओसरीवर आमच्या घरच्या, कावेरी आणि एस्तर. राहेलबाई तांदूळ निवडत होत्या. कावेरी म्हणाली, "बाई, तुमच्या देवाच्या गोष्टी सांगा की एखादी. आमच्या देवाच्या समद्या ऐकून झाल्या, काई उपेग न्हाई."

बाईंनी सांगितली ती गोष्ट अशी. दोघी सख्ख्या बहिणी एकाच घरी दिलेल्या. धाकटी देखणी, नवऱ्याची लाडकी. थोरलीचे डोळे अधू, नवरा तिच्याकडे वळून पाहत नसे. तिला दिवस गेले आणि मुलगा झाला. बाळंतिणीच्या खाटेवरून ती घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघा, मुलगा." आणि तेच मुलाचं नाव ठेवलं. त्यांच्या जुन्या भाषेत त्या नावाचा अर्थ तेवढाच, बघा, मुलगा. पुढे त्या नावाचं मोठं कूळ झालं.

कावेरीने विचारलं, "कोन्ला म्हनली ती? देवाला का नवऱ्याला?"

"पोथीत देवाचं नाव आहे," बाई म्हणाल्या.

"पोथी बाप्यानं लिवली आसंल. नवऱ्यालाच म्हनली." मग थोडं थांबून, "अन् पोरगी झाली आसती तर? नका बघू, असं नाव ठिवायचं का?"

आमच्या घरच्या सांगतात, यावर बाई इतक्या हसल्या की सुपातले तांदूळ सांडले. मग कावेरीने धाकटीचं नाव विचारलं. बाई म्हणाल्या, "राहेल." कावेरीनेच पुन्हा विचारलं, "तिला न्हाई झालं पोरगं?"

"झालं. पण फार उशिरा."

"मंग तुमालाबी व्हईल. अन् त्या थोरलीच्या लेकराचं नाव काय?"

बाई सुपाकडे पाहत राहिल्या. कावेरीला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं. तेव्हा एस्तर म्हणाली, "रूबेन. आमच्या आजोबांचं नाव. आई घेत नाही."

तीन महिन्यांनी कावेरीला मुलगा झाला. बारशाला आत्या लांबून चालत आली होती, तिच्या मनात खंडू ठेवायचं होतं. आमच्याकडे नाव आत्याने कानात सांगायचं असतं. कावेरीने तिला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, रुबन सांगा. न्हाई सांगितलं तर मी सांगते, मंग तुमचा मान गेला म्हनू नका." आत्याने कानात कुर्र करून तेच सांगितलं. संभाने विचारलं, हे कोणतं नाव. कावेरी म्हणाली, "त्याचा अर्थ हाय. इकडं बघा, मंग सांगते." हे सगळं ऐकीव आहे. पण संभा पुढे तिच्या हातची भाकरी खाऊ लागला, हे मी स्वतः त्याच्या तोंडून ऐकलं.

त्या दिवशी संध्याकाळी मधल्या भिंतीपलीकडून साहेबांचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"माझ्या वडलांचं नाव तू गावाला देऊन टाकलंस."

"मी नाव घेतलंसुद्धा नाही."

"गोष्ट तूच सांगितलीस ना?"

"मग गोष्टीला कुलूप घालू? आपला आला की त्याचंही हेच ठेवू. नाव काय एकाने नेलं की संपतं?"

मग भांडी आपटल्याचा आवाज. मग साहेबांचा, एकदम वेगळ्या आवाजातला प्रश्न, "मूल कसं आहे? अंगानं बरं आहे का?"

दुसऱ्या दिवशी ते संभाच्या वस्तीवर गेले. मेंढ्या बघायला जातो म्हणाले. मेंढ्या आदल्या आठवड्यातच दवाखान्यात येऊन गेल्या होत्या.

इथून पुढे जे झालं त्याला मी एकट्या राहेलबाईंना किंवा एकट्या कावेरीला जबाबदार धरत नाही. गोष्ट बायकांत पसरली. पाणवठ्यावर, हळद शिजवताना, बाजारात. जिच्याकडे नवरा बघत नाही तिच्या मुलाचं नाव, एवढं पुरेसं होतं. आमच्या भागात अशा बायका कमी नव्हत्या. एका हंगामात दोन रुबन झाले, दुसऱ्या हंगामात आणखी. ज्यांच्याकडे नवरा बघत होता त्यांनीही ठेवलं, कारण नाव चालू होतं. लोक वीस-पंचवीस रुबन सांगतात. मी नाव-गावासह ओळखत होतो ते नऊ. त्यात एक बैल धरलेला नाही.

बायकांनंतर पुरुषांनी आपलं कारण काढलं. जनावरांत बुळकांडीची साथ आली त्या साली कुणीतरी बोललं, की ज्या घरी रुबन आहे त्या घरी साहेब आधी येतात. मग काय, पाळण्यातल्या पोरांची ठरलेली नावं बदलली. एका पाटलाने तर मला विचारलं, "मुनीमजी, पोरगं चार वर्सांचं हाय, आता बदललं तर साहेब धरतील का?" मी त्या साथीत साहेब कुठे कुठे आणि कोणत्या क्रमाने गेले ते मुद्दाम पाहिलं. ते वाटेने जात. आधी जवळचं गाव, मग पुढचं. रुबन असलेल्या घरी ते आधी गेले नव्हते. फक्त एवढंच, की अशा घरी जनावर बघून झालं की ते जास्त वेळ बसत. मी हे चार जणांना सांगितलं. कुणी ऐकलं नाही. साहेब खुलासा करायला लागले की लोक डोळे मिचकावत.

बैलाचा उल्लेख झाला आहे तर तोही सांगतो. कुरुंद्याच्या एका शेतकऱ्याला मुलगा नव्हता, पण साहेबांच्या हातून त्याच्या गाईचं आडवं वासरू सुटलं आणि जगलं. गोऱ्हा होता. त्याने उपकार म्हणून त्याचंच नाव रुबन ठेवलं, आणि गोऱ्हा औताला आला तेव्हा मोठ्या अभिमानाने साहेबांना शेतावर नेलं. मीही हळदीचं बघायला गेलो होतो. शेतकरी पराणी टोचत ओरडला, "चल रुबन्या, तुज्या बापाला."

साहेबांचा चेहरा मी पाहिला. ते बांधावरून खाली उतरले, बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "आबाजी, बैल चांगला आहे. एक करा. नाव तरी बदला, नाहीतर पराणी तरी टाका."

आबाजी चांगला माणूस होता. "नाव कसं बदलू सायेब, बैलाला कळतं ते. पराणी टाकतो." त्याने पराणी बांधावर टाकली आणि पुन्हा उचलली नाही, निदान त्या बैलापुरती. बैल हे ओळखून होता. पुढची पाच-सहा वर्षं त्या बैलाने आबाजीला सोसायला लावलं. पाभर मधेच थांबवून तो उभा राहायचा आणि आबाजी त्याच्यापुढे जाऊन म्हणायचा, "चला रूबेनजी, व्हा पुढं." साहेबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या वडलांच्या घाण्याचा बैल जन्मभर डोळे बांधून फिरला. एवढं त्यांच्या नावानं एखाद्या बैलाला मिळालं तर मिळू दे."

माणसांच्या पोरांचं मात्र अवघड होतं. पोरगं म्हटलं की शिव्या आल्या. कावेरीचा रुबन चालायला लागल्यापासून दवाखान्याच्या आवारात धुमाकूळ घालायचा. तिने एकदा खच्चून हाक मारली, "रुबन्या, मुडद्या, मर तिकडं." साहेब हातात पिचकारी घेऊन बाहेर आले.

"कावेरीबाई, पोराला मारा, झोडा, मी मधे येणार नाही. पण ते नाव घेऊन शिवी नको."

"मंग कोन्तं नाव घिऊ? एकच हाय त्याला."

"दुसरं कोणतंही."

"तुमचं घिऊ का?"

"घ्या."

कावेरी मागे हटणारी नव्हती. "ए एलोज्या, मुडद्या," ती ओरडली. पोराने मागे पाहिलं नाही. साहेबांनी मात्र पाहिलं आणि म्हणाले, "हे चालेल." तेव्हापासून साहेब ऐकण्याच्या टप्प्यात असले की पोराला रागवायचं नाव एलोज्या. बघता बघता ती रीतच पडली. बाजारात साहेब चाललेले असत आणि चार बायका चार दिशांनी एलोज्या मेल्या, एलोज्या हरामखोरा म्हणत असत. साहेब टोपीला हात लावून पुढे जात. ते स्वतः त्या पोरांना अहो-जाहो करत. "या रूबेनजी. बसा. शेंबूड पुसा." आणि बाई तर कुणाचंच नाव घेऊ शकत नव्हत्या. बाजाराच्या दिवशी ओसरीवर तीन-तीन मामंजी बसलेले असत, कुणी रडतोय, कुणी भिजलेला, आणि बाई डोक्यावर पदर घेऊन त्यांना केळी वाटताहेत. आमच्या घरच्या म्हणत, एवढा सासुरवास कुणाला झाला नसेल.

पाचव्या खेपेला बाईंना दिवस गेले तेव्हा त्या चाळिशीला आल्या होत्या. गोष्टीतल्या राहेलला उशिरा झाला होता, हे आता सगळ्यांना पाठ होतं. कावेरीने बिरोबाला नारळ बोलला. साहेब काही बोलत नसत, पण त्या काळात तट्टाला दोनदा उलटं खोगीर घातलेलं मी पाहिलं. बाळंतपणाच्या दिवशी मी त्यांच्याजवळ अंगणात होतो. सुईण दारात आली आणि बोलेना. साहेब उठले. ज्या आवाजात ते गोठ्यात विचारत त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "दोघींची तब्येत कशी आहे?"

दोघींची, असं तेच म्हणाले. सुईणीने सांगायच्या आधी.

आत गेले आणि मुलीला उचलून बाईंच्या तोंडाशी नेलं. दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं. "बघ बाई. बघ," ते म्हणाले. मी घरी आलो.

त्यानंतर तो विषय साहेबांनी माझ्याशी एकदाच काढला. म्हणाले, "मुनीमजी, आमच्या घरचं दार बंद झालं. पण हिचं म्हणणं खरं ठरलं. नाव बाहेर आहे. मी नऊ धरतो, तुम्ही किती धरता?"

"नऊ. बैल सोडून."

"बैल धरा," ते म्हणाले.

मग रझाकारीचे दिवस आले आणि त्यानंतर पोलीस ॲक्शन. त्या दिवसांचं मी इथे लिहीत नाही, ज्यांनी सोसलं त्यांना ठाऊक आहे. नावापुरतंच सांगतो. आधी एका बाजूच्यांना ते नाव मुसलमानी वाटेना, म्हणून विचारपूस व्हायची. नंतर दुसऱ्या बाजूच्यांना ते हिंदू वाटेना. रस्त्यात अडवून पोराला नाव विचारत आणि पोरगं रुबन म्हणालं की बापाला पुन्हा विचारत. कुणाला काही झालं नाही, पण आईबाप घाबरले. पाटलाच्या रुबनचा रामराव झाला. कनेरगाव नाक्याकडे गेलेल्या एका कुटुंबाने तर वाटेतच बदललं. कुणी विठ्ठल केला, कुणी नामदेव. प्रत्येक जण येऊन साहेबांना सांगून जाई, अपराध्यासारखा. साहेब म्हणत, "बरोबर केलंत. लेकरू राहिलं पाहिजे. नावाचं काय?" आणि खरंच त्यांच्या तोंडावर दुसरं काही दिसत नसे. आबाजीचा बैलही त्याच उन्हाळ्यात मेला होता.

त्या वर्षाच्या शेवटी साहेबांनी नोकरी सोडायची ठरवली. एस्तरचं लग्न मुंबईला झालं होतं, तिकडेच जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी ट्रंकेला दोरी बांधताना त्यांनी मला विचारलं, "मुनीमजी, किती राहिले?"

मला खोटं सांगता येत नाही, आणि आकड्यात तर मुळीच नाही. म्हटलं, "एक. कावेरीचा. पण तोही नक्की नाही. संभा म्हणत होता, शाळेत हरी घालायचं."

"हरी चांगलं नाव आहे," साहेब म्हणाले, आणि दोरीची गाठ सोडून पुन्हा पहिल्यापासून बांधायला लागले. ती नीटच बसली होती.

दुसऱ्या दिवशी वसमत स्टेशनवर पुष्कळ लोक आले. जे आले ते नवी नावं घेऊन आले होते. "रामराव, पाया पड सायबांच्या." "नामदेवा, हार घाल." साहेब प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत आणि नवं नाव नीट उच्चारत. बाईंची पंचाईत संपली होती. आता त्या कुणालाही हाक मारू शकत होत्या. पण त्या कुणाला हाक मारत नव्हत्या. धाकटीला कडेवर घेऊन नुसत्या उभ्या होत्या.

संभा, कावेरी आणि त्यांचा मुलगा उशिरा आले, मेंढ्या कुणाच्या तरी स्वाधीन करून. मुलगा दहाएक वर्षांचा, दांडगा झाला होता. संभा काही बोलायच्या आत गाडीचीच गडबड झाली. बाई, मुली, ट्रंका आत गेल्या. कावेरीने खिडकीतून घोंगडी आत दिली, स्वतः विणवून घेतलेली. नावाचं कुणी काढलं नाही. साहेबही विचारणारे नव्हते.

गाडी हलली. पोरांच्या जातीप्रमाणे तो मुलगा गाडीबरोबर पळायला लागला, खिडकीच्या गजाला हात लावून, फलाटाच्या अगदी काठाने. कावेरीने ते पाहिलं आणि तिच्या तोंडून निघालं, "रुबन्या, मुडद्या, मागं हो, चाकाखाली जाशील."

मुलगा जागच्या जागी थांबला. कावेरीने जीभ चावली. इतक्या वर्षांत साहेबांच्या देखत तिने ते नाव घेऊन शिवी दिली नव्हती. तिने पदराचं टोक तोंडाला लावलं आणि खिडकीकडे पाहिलं.

साहेबांनी डोकं बाहेर काढलं होतं. टोपी हातात होती. मागे बाई उभ्या होत्या, आणि त्यांचा हात, सवयीनेच असेल, पदर डोक्यावर ओढत होता.

"कावेरीबाई," साहेब ओरडले, "पुन्हा म्हणा."

तिला आधी समजलं नाही. गाडी पुढे चालली होती.

"मोठ्यानं म्हणा. ऐकू येत नाही."

मग कावेरी फलाटाच्या टोकापर्यंत गेली आणि गाडी पुढचं फाटक ओलांडेपर्यंत पोराला त्या नावाने शिव्या देत राहिली. तिला येत होत्या तेवढ्या सगळ्या. पोरगं तिच्याशेजारी उभं राहून हसत होतं. साहेबांचा टोपीचा हात बराच वेळ खिडकीबाहेर दिसत होता.

पुढे ते मुंबईहून त्यांच्या जुन्या देशात, इस्राएलला गेले असं कुणी म्हणतं. मला खात्री नाही. मुलाचं नाव शाळेत हरी घातलं, ते मात्र मी पाहिलं. संभाने म्हटल्याप्रमाणे केलं. पण वस्तीवरून जाताना आजही मला संध्याकाळी हाक ऐकू येते, मेंढ्या वळवायला उशीर झाला म्हणून, आणि तीत हरी नसतो.